रात्री बाराला गाडी काढणारे पोट्टे

मागच्या महिन्यात या पानावर मी मलेशियातल्या मॅट रेम्पिट पोरांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे रात्री टोळीनं बाईक पळवणारी, हायवेवर रेस लावणारी, बहुतेक मलय समाजातली पोरं. चारच ओळी, पण त्यावर इतकी पत्रं आली की परीक्षेच्या सीझनलाही येत नाहीत, आणि खरं सांगू का, निम्मी पत्रं मलेशियाबद्दल नव्हतीच, आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाबद्दल होती, रिंग रोडबद्दल होती, घरातल्या पोराबद्दल होती. त्यातली चार आज घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. गाडी त्याच्या बाबांच्या नावावर. रात्री जेवण झालं की "आलोच अर्ध्या तासात" म्हणून जातो तो दीड-दोनला येतो, फुटाळ्यावर मित्र असतात म्हणतो. परवा त्याच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ दिसला, हा सीटवर पोटावर झोपून, पाय मागे सरळ करून गाडी चालवून राहिला होता आणि मागून पोट्टे ओरडून राहिले होते. माझे हातपायच गार पडले. भाचा क्वालालंपूरला नोकरीला असतो, तो म्हणे मामी, हे इथल्या मॅट रेम्पिटवाल्यांचं सुपरमॅन आहे. बाबांना सांगितलं तर ते त्याला मारतील, आणि न सांगता राहू कशी?

ताई : आज रात्रीपासून गाडीची चावी तुमच्याजवळ, उशीखाली ठेवा नाहीतर कपाटात ठेवा पण त्याच्या हाती नको, हे आधी करा आणि मग बाकीचं वाचा.

तुमच्या भाच्यानं बरोबर ओळखलं. तिकडे या प्रकाराला सुपरमॅनच म्हणतात, अंग आडवं केलं की वारा कमी लागतो आणि त्या छोट्या इंजिनातूनही थोडा जास्त स्पीड निघतो म्हणून. पण पाय मागे गेले की पायाचा ब्रेक गेला ना हो, उरला फक्त हातातला पुढचा, आणि त्या वेगात पुढचा ब्रेक दाबला, समोर जरा वाळू असली किंवा कुत्रं आडवं आलं, तर गाडी एकीकडे आणि पोरगा डोक्यावर. गुडघ्यांनी टाकी पकडून बॅलन्स ठेवायची सोयही त्यात राहत नाही. हे त्याला असंच समजावून सांगा. देवाची शपथ घालून नको, रडून नको, गाडी कशी चालते ते सांगून. या वयाच्या पोरांना मशीनची भाषा कळते.

बाबांना सांगाच. लपवू नका, कारण कायद्यानं यात ते स्वतः अडकतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ला बदल झाला, त्यात कलम १९९अ आलं. १८च्या आतल्या मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५पर्यंत लायसन्स नाही. २५पर्यंत! म्हणजे कॉलेज संपलं, नोकरी लागली तरी हा सिटी बसच्या लायनीत. हा कागद बाबांसमोर ठेवा आणि त्याच वेळी सांगा की हात उचलायचा नाही.

मारायचं काहून नाही तेही सांगते. मी १४ वर्षं एका शाळेत समुपदेशनाच्या खोलीत बसले. एक पोरगा होता, असाच, रात्री गाडीवर जाणारा. वडिलांनी पट्ट्यानं मारलं की दुसऱ्या दिवशी हा हमखास जायचा, वळ दाखवायला, आणि तिथे त्या वळांचं कौतुक व्हायचं. खूप दिवसांनी तो मला म्हणाला, मॅडम घरी माझ्याशी तीनच वाक्यं बोलतात, अभ्यास कर, मोबाईल ठेव, जेवून घे, तिथे माझं नाव घेऊन ओरडतात. मला त्या दिवशी त्याला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला अजून लागून आहे. तुमचा पोरगा दोन तास जे शोधायला जातो ते गाडीत नाही, त्या ओरडण्यात आहे. ते घरात कसं मिळेल ते बघा, बाबांनी रविवारी सकाळी त्याला तर्री-पोहे खायला नेलं आणि तासभर मार्कांबद्दल एक शब्द काढला नाही तरी सुरुवात होते.

प्रश्न : मी नागपूर विद्यापीठात समाजशास्त्रात एमए करतेय. मॅट रेम्पिटकडे सामाजिक विचलन (म्हणजे समाजाच्या नियमाबाहेरचं वागणं) म्हणून बघायचं की उपसंस्कृती (समाजाच्या आतलाच वेगळ्या रीतीचा गट) म्हणून? आणि हे मलय मुलांमध्येच का? धर्म, संस्कार वगैरे कारणं लोक सांगतात.

ताई : संस्कारवालं उत्तर आधी बाजूला ठेव, ते आळशी उत्तर आहे. मलय पोरं नमाज शिकतात, घरात मोठ्यांसमोर वाकतात, आणि त्यातलीच काही शनिवारी रात्री रस्त्यावर असतात. कारणं जमिनीवर शोध.

१३ मे १९६९ला क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगल झाली, त्यानंतर १९७१ला सरकारनं नवं आर्थिक धोरण आणलं, मलय माणूस गावातून, भातशेती-रबरातून निघून शहरात, कारखान्यात, नोकरीत यावा हा त्यातला एक मोठा हेतू. लोक आले. पुढच्या पिढीची पोरं शहराच्या कडेच्या स्वस्त फ्लॅटमध्ये वाढली, दोन खोल्या, खाली मैदान नाही, शिक्षण अर्धवट, काम डिस्पॅच रायडरचं, म्हणजे बाईकवर पार्सल पोचवायचं, किंवा फॅक्टरीचं. आणि गाडी स्वस्त. तिकडे तिला कपचाय म्हणतात, होंडा कबच्या घराण्यातली छोटी बाईक, कब आणि कॅन्टोनीज या चिनी भाषेतला छोट्यासाठीचा शब्द मिळून झालेलं नाव. बाईकचं लायसन्स तिथे १६व्या वर्षी मिळतं. देशातल्या नोंदलेल्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास दुचाकीच आहेत. घर लहान, रात्र मोठी आणि खाली गाडी उभी, आता सांग पोरगा कुठे जाईल.

सिद्धांत तुला पुस्तकात आहेतच, पण वापरायचे कसे ते सांगते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टननं १९३८ला मांडलं की समाज ध्येय सगळ्यांना एकच दाखवतो पण तिथे जायची वाट सगळ्यांना देत नाही, मग काही जण वेगळी वाट काढतात. फ्लॅटमधल्या पोराला 'यशस्वी हो' सांगायचं आणि हाती पार्सलची पिशवी द्यायची, तर तो जिथे खरोखर जिंकू शकतो अशी जागा शोधेल, आणि ती जागा म्हणजे हायवेचा एक सरळ तुकडा. बेकर १९६३ला म्हणतो विचलन हे कृतीत नसतं, कृतीला लावलेल्या लेबलात असतं. लेमर्ट त्याच्याही आधी, १९५१ला, सांगतो की लेबल लागल्यावर माणूस त्या लेबलासारखाच वागायला लागतो. पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा स्टीफन लिंग, १९९०चा, त्यानं एजवर्क ही कल्पना समाजशास्त्रात आणली. जीव जाईल अशा कडेवर जाऊन स्वतःच्या कौशल्यानं परत येणं, त्यात माणसाला वाटतं की निदान एवढी एक गोष्ट माझ्या ताब्यात आहे. बाकी आयुष्यात काहीच ताब्यात नसलेल्या पोराला हे किती ओढत असेल ते बघ. प्रबंधात मर्टन सगळेच लिहितात, तू लिंग घे, आणि फील्डवर्कला फुटाळ्यावर बसशील तर मैत्रिणीला सोबत ने.

मुलींचा भाग सोडू नको. १९९०च्या दशकात तिकडे बोहसिया हा शब्द खूप गाजला, होक्कियन या चिनी भाषेतला, अर्थ 'आवाज नाही'. रात्री पोरांसोबत दिसणाऱ्या मुलीला तो चिकटवायचे. रेस जिंकणाऱ्याला मुलगी मिळते असे किस्से पेपरांनी चवीनं छापले, आणि तेव्हापासून मागच्या सीटवर बसलेली प्रत्येक मुलगी लोकांच्या नजरेत तीच. पोराला निदान धाडसी तरी म्हणतात, मुलीच्या वाट्याला नुसती बदनामी.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त माणूस, धरमपेठेत राहतो. पत्नी हृदयरोगी. रात्री बुलेटचे फटाके फोडत ही टोळकी जातात, ती दचकून उठते. तुमचा लेख वाचून वाटलं तुम्ही यांची बाजू घेताय. माझं स्पष्ट मत आहे, यांना चौकात उभं करून फटकावलं पाहिजे. मलेशियात काय करतात?

ताई : काका, काकूंच्या छातीत धडधड होते हे वाचून मला वाईट वाटलं आणि तुमचा राग खरा आहे. त्या आवाजाची बाजू मी कधीच घेणार नाही. ११२वर फोन करा, दर वेळी करा, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. सायलेन्सर बदलणं हा गाडीमालकाचा गुन्हा आहे, प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या राज्यात कितीतरी शहरांत जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवला जातो, फिरवू द्या, मला आनंदच आहे, फक्त तो सायलेन्सर विकणाऱ्याच्या दुकानापर्यंतही कोणीतरी जावं.

पण फटकावण्याबद्दल तुमचं-माझं जमणार नाही. मलेशियात धाडी होतात, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करून शेकडो गाड्या जप्त करतात, धोकादायक ड्रायव्हिंगला दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांच्या भाषेत या पोरांना सामसेंग जालानान म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचे गुंड. इतकी वर्षं झाली, पोरं संपली नाहीत. मग उलटंही करून पाहिलं, तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या युवकांच्या गटानं त्यांना मॅट चेमेरलांग, म्हणजे 'उत्कृष्ट' पोरं असं नवं नाव देऊ केलं. तेही चाललं नाही, कारण नाव बदललं पण फ्लॅट तोच आणि पगार तोच.

नावं ठेवायची ही सवय तिथे जुनी आहे. १९७०च्या दशकात पेनांगच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत गावाकडच्या मलय मुली कामाला आल्या तेव्हा त्यांना मिना कारान म्हणायचे, कारान म्हणजे करंट. देशाची निर्यात त्यांच्या बोटांवर चालली होती आणि बदनामीही त्यांचीच. मग लांब केसांचे मॅट रॉक आले, मग मॅट रेम्पिट. दर पिढीत गरीब घरातलं कोणीतरी पकडायचं.

आपण नागपूरची माणसं काका, मारबत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षभराची इडापिडा तिच्या अंगावर घालतो, "घेऊन जा गे मारबत" म्हणतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. ती कागद-बांबूची असते म्हणून चालतं. पोराची मारबत केली तर तो जळत नाही, रात्री परत घरीच येतो, जास्त कडू होऊन.

आणि एक विचारते. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या कारनं दोन तरुण इंजिनिअर गेले, कार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप, आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता. संताप सगळ्या देशाला आला. पण रात्री बापाची कार पळवणाऱ्या श्रीमंत पोरांसाठी मॅट रेम्पिटसारखं, टपोरीसारखं एखादं नाव आपण काढलं का? तुम्ही फटकावायचं म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं, कार की स्प्लेंडर?

प्रश्न : ताई मी हिंगण्याकडला, वय १९, दिवसा फूड डिलिव्हरी करतो. आम्ही आठ मित्र रात्री काम संपलं की वर्धा रोडनं जामठ्यापर्यंत राइड मारतो, कधी कधी रेस लागते, खोटं नाही बोलत. दोघाजवळ लायसन्स नाही, १६-१७चे आहेत. पण आम्ही दारू नाही, चोरी नाही, तरी मोहल्ल्यात टपोरीच म्हणतात. मले रेसिंग खरंच आवडते. कायदेशीर काही आहे का?

ताई : तू खरं लिहिलंस, त्यासाठी आधी तुझे आभार.

आहे. मलेशियातच बघ, १९९४पासून तिथे कब प्रिक्स नावाची अधिकृत चॅम्पियनशिप आहे, त्याच कपचाय गाड्या, पण ट्रॅकवर, हेल्मेट-सूट घालून, अॅम्ब्युलन्स उभी ठेवून. हफीझ सियाहरीन नावाचा मलय पोरगा छोट्या गाड्यांवरूनच वर गेला आणि २०१८ला मोटोजीपीत, म्हणजे बाईक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत उतरला, त्या वर्गात पूर्ण सीझन धावणारा पहिला मलेशियन. आपल्याकडे रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआय ही देशातल्या मोटर स्पोर्ट्सची संस्था देते. ट्रॅक मात्र चेन्नई, कोईम्बतूर, नोएडाकडे, आणि पैसा लागतो, डिलिव्हरीच्या कमाईत ते अवघड आहे, मी तुला गोड बोलून फसवणार नाही. नागपूरसारख्या शहरात एक बंदिस्त ट्रॅक असावा हे मी या पानावर याआधीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. तोवर गाडीच्या आत शिरायचा रस्ता तुला उघडा आहे, आयटीआयला टू-व्हीलर मेकॅनिकचा ट्रेड आहे, दहावी झाली असेल तर फॉर्म भर. रेसिंग टीमला रायडर एक लागतो, मेकॅनिक जास्त लागतात.

रस्त्यावरची रेस मात्र थांबव. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, पण मी दंडासाठी म्हणत नाहीये. आपल्या देशात २०२२मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची.

तू आठ मित्र लिहिलंस तिथे मी थांबले होते. १८ फेब्रुवारी २०१७, पहाटे तीनच्या सुमारास, मलेशियात जोहोर बारूला पोरं रस्त्यावर मॉडिफाय केलेल्या सायकली पळवत होती, बासिकल लाजाक म्हणतात त्याला, बाईक मिळायच्या आधीचं रेम्पिट म्हण. एक कार आली. आठ पोरं गेली, १३ ते १६ वर्षांची. कार चालवणाऱ्या तरुणीवर सहा वर्षं केस चालली, कधी सुटली, कधी शिक्षा झाली, शेवटी २०२३ला अपील कोर्टानं सोडलं. तोवर सगळा देश भांडत होता, चूक तिची का आईबापाची का पोरांची. आठ घरांत त्याचा काय उपयोग झाला असेल.

तुझ्या त्या दोघांना, १६-१७वाल्यांना, आजपासून हँडल द्यायचं नाही. तू ग्रुपमध्ये मोठा दिसतोस, तू बोललास तर ऐकतील, माझं कोण ऐकतंय. त्यांना मागे बसव, हेल्मेट घालून, आणि एकेकाला त्याच्या दारात सोड, कोपऱ्यावर नाही, दारात, आई जागी असते. एक महिना करून बघ आणि काय झालं ते मला लिही, नाव छापणार नाही.