वर्दी नसताना जायचं असेल तर

पोरा,

अनेक आशीर्वाद. यंदा कुठे पूर आला तर फायर स्टेशनवरचे तुम्ही सहाजण रजा टाकून मदतीला जाणार, हे वाचून फार बरं वाटलं. जा. पण स्टेशन ऑफिसरला सांगून, मुख्यालय सोडायची लेखी परवानगी घेऊन जा. दलाची माणसं त्याच पावसात आपल्या शहरालाही लागू शकतात.

तुला चिपळूणचं सांगतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. 2005 च्या पुराची खूण दाखवणारी माणसंही हबकली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघे स्वखर्चाने गेलो. बोटीतून माणसं काढायचं काम तोवर संपलं होतं. उरला होता गाळ, दुकानांतून आणि माजघरांतून गुडघाभर.

एका किराणा दुकानात आम्ही आगीची वर्दी, म्हणजे आगीचं बोलावणं, आल्यासारखे शिरलो. दोन तासांत सगळं बाहेर, ढीग डंपरमध्ये. मालक आला आणि विचारलं, “गल्ल्याखालची वही कुठंय?” उधारीची वही. गावाकडे अडकलेला त्याचा सगळा पैसा त्या फुगलेल्या कागदांत होता. संध्याकाळपर्यंत तो कचऱ्याच्या ढिगात शोधत होता, आम्हीही शोधत होतो. सापडली नाही. तो आम्हाला एक शब्द बोलला नाही, उलट चहा पाजला. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

आगीत आपण कुणाला विचारत नाही. दार तोडतो, सामान फेकतो, आणि ते बरोबरच असतं. पुरानंतरच्या घरात मात्र घाई कशाचीच नसते. घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहील तेव्हाच वस्तूला हात लावायचा. एखादी आजी एका पातेल्यापाशी अर्धा तास थांबली तर थांबू दे. आणि तलाठ्याचा पंचनामा झालाय का, हे आधी विचार. झाला नसेल तर काहीही बाहेर काढण्यापूर्वी घरच्यांना फोटो काढायला सांग. आपण घर चकाचक करून निघून जायचो आणि नुकसान दाखवायला त्यांच्याकडे काही उरायचं नाही. भिजलेली कागदपत्रं सापडली तर पानं ओढून सुटी करू नका, सावलीत वाळू द्या.

आता आपल्या कामाचं. पंपाचं इंजिन कधीही घरात किंवा तळघरात चालवू नका. त्या धुराने माणूस कळायच्या आत जातो, हे तुला शिकवलंय, पण चिखलात दमलेला माणूस विसरतो. तळघर एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आतल्या पाण्याचा आधार गेला की भिंत आत येते. थोडं उपसा, थांबा, भिंत बघा. होजचं प्रेशरही कमी ठेवा. कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींचे सांधे मातीचे असतात, जोराच्या धारेने गाळाबरोबर तेही वाहून जातात. मीटर बंद दिसला तरी शेजारच्या जनरेटरमधून किंवा इन्व्हर्टरमधून वीज येऊ शकते, ते तपासल्याशिवाय आत पाऊल नको.

गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. पायाला साधी चीर असली तरी त्या दिवशी चिखलात उतरू नकोस, वर बसून सामान पूस. जेवण आणि पाणी आपलं आपण न्यायचं. पूरग्रस्ताच्या चुलीवर सहा तरण्या पोरांचा भार टाकायचा नाही.

आणखी एक. तिथले नगरपालिकेचे फायरमन चार-पाच दिवस झोपलेले नसतील आणि त्यांचीही घरं पाण्यात गेलेली असतील. त्यांच्यावर हुकूम चालवू नका. आधी त्यांच्यापैकी कुणाच्या घरातला गाळ काढता आला तर काढा. त्यांचं कुणी विचारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निघण्याआधी बुरुडाकडून बांबूची एक टोपली घे आणि पंपाच्या सक्शनच्या स्ट्रेनरला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीला, बाहेरून बांध. गाळाच्या पाण्यात नुसता स्ट्रेनर तासाभरात तुंबतो. कशी बांधायची ते आठवत नसेल तर रविवारी घरी ये, दाखवतो.

तुझा,
जुना लीडिंग फायरमन