मधला आवाज गा

मित्रा,

बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या संग्रहाच्या पहिल्या भागातला सी मायनरचा प्रिल्यूड तीन आठवड्यांत बसला आणि त्याच्या जोडीच्या फ्यूगवर तीन महिने अडकलास, म्हणून तुझ्यातच काही कमी आहे का, असं विचारतोस. तो प्रिल्यूड बराचसा बोटांनी बसतो. दोन्ही हात एकच आकृती फिरवत राहतात. फ्यूग तसा बसत नाही. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, हा तुझा रोजचा क्रम तूच लिहिला आहेस. अरे, बाखने तिथे दोन हात लिहिलेलेच नाहीत, तीन आवाज लिहिलेत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वतंत्र सुरावटी. विषय, म्हणजे फ्यूगची मूळ धून, आधी मधला आवाज मांडतो, तिसऱ्या बारला (स्वरलिपीतल्या तिसऱ्या मात्राखंडाला) वरचा घेतो, सातव्याला खालचा. पुढे हा मधला कधी या हातात, कधी त्या हातात. हात सुटे केलेस की त्याचेच तुकडे होतात, आणि तू नेमका तोच हरवून बसला आहेस.

मधला आवाज गा. पियानो बंद ठेवून, 31 च्या 31 बार. मग तो एकटाच वाजव, पण शेवटी ज्या बोटांनी वाजवणार आहेस त्याच बोटांनी. मग तो गात गात बाकीचे दोन वाजव. गळा चांगला नाही हे कारण सांगू नकोस, माझाही नाही.

विशीत मी बी फ्लॅट मायनरचा, पाच आवाजांचा फ्यूग लोकांसमोर वाजवायला बसलो. हात पक्के पाठ होते. मध्ये एक बोट चुकलं आणि सगळं थांबलं. पुन्हा कुठून धरायचं तेच कळेना. पहिल्या बारपासून सुरू केलं, त्याच जागी पुन्हा अडलो, उठलो. पुढे चार वर्षं फ्यूगला हात लावला नाही. ती वर्षं अजून सलतात. पाचातला एक आवाज जरी गाता येत असता, तरी त्याचं बोट धरून पलीकडे गेलो असतो.

तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये पेडल फार आहे. लांब स्वर टिकवायला तू तो दाबतोस आणि त्यात बाकीचे दोन आवाज बुडतात. पट्टी दाबलेलीच ठेव आणि तिच्यावरचं बोट बदल. चौथ्याच्या जागी पाचवं, आवाज न तोडता. कंटाळवाणं आहे, कर. बाखच्या काळच्या हार्पसिकॉर्ड, क्लॅविकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यांना असा पेडल नव्हताच.

आणि एवढ्यात सी मेजरच्या फ्यूगकडे वळू नकोस. चार आवाज, 27 बारांत विषय 24 वेळा येतो. मधले दोन गाता येत नसतील तर तिथे नुसता गोंगाट होईल.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांत दोन्ही भागांतल्या 48 फ्यूगपैकी अकराच? हो, अकराच. त्यातला कुठलाही आवाज कुठल्याही बारपासून विचार, गाऊन दाखवतो. सगळे संपवायची घाई मलाही होती, ती सोडावी लागली. ती सोडली हे बरोबरच केलं, असं मी अजूनही म्हणतो. पहिल्या भागाच्या 1722 च्या मुखपृष्ठावर बाखने तो संग्रह शिकू पाहणाऱ्या तरुणांच्या उपयोगासाठी म्हटला आहे. किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही.

या आठवड्यात वाजवलेलं काही पाठवू नकोस. सातवा आणि आठवा बार घे. खालचा आवाज विषय घेतो तेव्हा मधला काय करतो, तेवढं गाऊन पाठव.