पद्मिनीला जुन्या डिलाइटची जाळी बसेल का?

तुमच्याकडे १९८४ ची पद्मिनी आहे, तिला आधीच्या फियाट डिलाइटची पुढची जाळी लावायची आहे, बसेल का आणि खर्च किती, असं विचारलंय तुम्ही. बसते, पण जमवून बसवावी लागते. खर्चाचं मागाहून सांगतो. या जाळीपायी आमच्या घरात दोन सख्खे भाऊ आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हा आधी ते ऐका.

बाबांनी १९६९ साली फियाट बुक केली. बुक केली ती डिलाइट, १९६४ पासून कुर्ल्याला बनायची ती. त्यांच्या साहेबांकडे एक होती. रोज संध्याकाळी स्टँडवरून सायकल काढताना बाबा तिच्याकडे बघायचे आणि मग पॅडल मारायचे. त्या काळी गाडीचं बुकिंग म्हणजे पोराच्या मुंजीला पैसे भरावेत आणि त्याच्या लग्नाच्या वरातीला गाडी मिळावी असा कारभार. आमची आली १९७६ मध्ये. मधल्या काळात तिचं नाव प्रेसिडेंट होऊन १९७४ मध्ये पद्मिनीसुद्धा झालं होतं. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा तसाच स्टिअरिंगखाली, पण तोंड बदललेलं. आई सांगते, बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पेढ्यांचा पुडा सुटायच्या आधीच म्हणाले, "जाळी बदलली की हो यांनी."

नंतर कधी तक्रार नाही. फक्त दसऱ्याला झेंडूचं तोरण त्या जाळीला बांधताना एकदा म्हणायचेच, "डिलाइटला शोभलं असतं." दरवर्षी. आम्हा भावांना पाठ झालं होतं ते.

बाबा २००८ मध्ये गेले. २०११ मध्ये एका रविवारी मी जुन्या बाजारात फिरत होतो, पुण्याच्या, मंगळवार पेठेतल्या. एका गोणपाटावर नळाच्या तोट्या आणि पितळी समयांच्या शेजारी डिलाइटची जाळी पडलेली. साडेतीन हजार सांगितले, अठराशेला दिली. घरी आणून घासली तेव्हा कळलं की दोन गाड्यांच्या दोन अर्ध्या जाळ्या मागून पट्टी मारून जोडल्यात. असू दे म्हटलं.

इथून तुमच्या कामाचं. जाळी हातात आली की आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा, म्हणजे प्लेटिंगवाल्याकडे जायचं. नाही चिकटलं तर बहुतेक ॲल्युमिनियम, तिथे क्रोमच्या फंदात न पडता नुसतं बफ, म्हणजे चाकावरचं पॉलिश, आणि एनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा टिकाऊ थर, करून घ्यायचं. माझी पत्र्याची निघाली. प्लेटिंगवाल्याने जुना थर काढला, तांबं, निकल आणि वर क्रोम असं रीतसर केलं, पण आधी बफवर इतकी दाबली की पट्ट्यांच्या कडाच गेल्या. आरसा झाला, जाळी नाही. क्रोमचा थर मुळात नखाएवढाही नसतो. चकाकी खालच्या निकलची आणि त्याखालच्या पॉलिशची असते. म्हणून बफ मारणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहा. पाठ फिरवली की तुमची जाळी गेली. आणि स्प्रेचं क्रोम मिळतं ते गणपतीच्या मखराला ठेवा.

आता बसवणं. जाळीची भोकं आणि माझ्या गाडीची भोकं जुळली नाहीत, डावीकडे जवळजवळ अर्धा इंच फरक. माझ्या मिस्त्रीचं म्हणणं असं की या गाड्यांचं पत्राकाम हाताने ठोकून जमवलेलं, एकीचं माप दुसरीला लागलं तर लॉटरी समजायची. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीला बसली म्हणून तुमच्या गाडीला बसेल असं धरू नका. बंपर उतरवा, हेडलाइटच्या रिंगा काढा, जाळी सुतळीने जागेवर बांधा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. मग पातळ पट्टीचे तुकडे कापून त्यांना लांबट भोकं पाडा आणि त्या पट्ट्यांवर जाळी धरा. म्हणजे पुढेमागे सरकवता येते आणि गाडीच्या मूळ पत्र्याला हात लागत नाही.

हे मी डेंटरला नीट सांगितलं होतं. अगदी खडूने खुणा करून. आणि मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर गडी कटर घेऊन उभा, डाव्या कोपऱ्यातला पत्रा दोन बोटं उडवलेला. "साहेब, आता कशी फिट्ट बसली बघा." बसली होती खरी. वर लांबी (पुटी) भरून रंग मारला की कुणाला कळणार नाही, असंही म्हणाला.

दादाला कळलं. दादा म्हणजे कंपनीतून आलेला टूलकिटचा कपडासुद्धा घडी घालून जपणारा माणूस. तो वाकला, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आईच्या फोटोला आजीचं नाक चिकटवलंयस." एवढं बोलून स्कूटरवर बसून गेला. जाताना मूळ जाळी जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेला, ती त्याच्या कोथरूडच्या माळ्यावर.

त्याचं म्हणणं, गाडी कंपनीतून जशी आली तशी, तीच खरी. मी विचारतो, खरी कुणासाठी? पावती डिलाइटची फाडली, पैसे त्या माणसाने डिलाइटचे मोजले आणि तीस वर्षं तोरण बांधताना आठवण काढली ती डिलाइटची. कुर्ल्याच्या कुठल्या साच्यातून काय निघालं त्याला ओरिजिनल म्हणायचं, आणि बाबांनी जे मागितलं होतं त्याला हौस? दादा यावर म्हणतो की मग पुढचे दरवाजेही उलटे लाव, सुरुवातीच्या डिलाइटचे तसेच होते, बिजागऱ्या मागे. हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे हे मला ठाऊक आहे. त्याला सांगितलेलं नाही.

असो. फायबरच्या नकला घेऊ नका. लांबून खेळण्यातली गाडी दिसते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, तेव्हा आता डिलाइटच्या जाळ्या भंगारात ढिगाने मिळतील असं कुणी सांगितलं तर पुढे चालू लागा. शेवटची टॅक्सी २००३ मध्ये पासिंग झालेली, तिच्यावर डिलाइटची जाळी कुठून येणार? पुण्यात असाल तर जुना बाजार आणि नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस, आणि धीर धरा. जाळीपुढे दोन मोठे फॉगलॅम्प लटकवायची हौसही आवरा. रेडिएटरचा वारा अडतो, आणि खंबाटकी घाटात तापलेल्या इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायची पाळी या गाडीवर तशीही येतेच. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर साधे लोखंडी स्क्रू वापरू नका. दोन पावसाळ्यांत भोकाभोवती पांढरी भुकटी धरते. स्टेनलेसचे घ्या, खाली रबराचे वॉशर टाका.

खर्च: मला २०११ साली सगळं मिळून साडेनऊ हजार पडले, त्यातला निम्म्याहून जास्त प्लेटिंगचा. आज किती ते तुमचा प्लेटिंगवाला ठरवणार.

हां, एक राहिलंच, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. २०२१ मध्ये केंद्राचे नियम आले, त्यानुसार पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि समिती तपासून बघते. जाळीवरून कुणी अर्ज परत करेल असं मला वाटत नाही. कापलेल्या पत्र्याचं मात्र सांगवत नाही. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे, म्हणून पत्रा कापू नका आणि काढलेली जाळी स्क्रूसकट जपून ठेवा.

आमची ७६ ची, पन्नाशीला टेकलेली. कोपऱ्यातला पत्रा जोडून देणारा एक जुना कारागीर मिळालाय, पण मूळ जाळी समोर धरल्याशिवाय माप घेत नाही म्हणतो. जाळी कोथरूडला आहे. परवा फोन केला तर वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "भाऊजी, ती द्यायला ते तयार आहेत, पण डिलाइटची आधी उतरवून आणा म्हणतात." दसऱ्यापर्यंत थांबा, एवढंच म्हटलं मी त्यांना.