माझ्या जमिनीतल्या दगडाचे हक्क वेगळे विकता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्हाळा तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर माळ आहे, खाली काळा दगड लागलाय. कंत्राटदार म्हणतो, जमीन तुमच्याकडेच राहू दे, फक्त 'खनिजाचे हक्क' दहा वर्षांसाठी लिहून द्या. टेक्सासमधला चुलतभाऊ सांगतो की तिकडे असे हक्क सर्रास विकतात. मग इथं का नाही?

मी वकील नाही, करवीर तालुक्यातला शेतकरी आहे. पण मुरमाच्या एका खड्ड्यापायी दोन वर्षं कचेरीत हेलपाटे घातलेत, त्यातनं शिकलेलं सांगतो.

चुलतभावाचं बरोबर आहे. टेक्सासात वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असं चालतं. तेल काढायला लागेल तेवढी वरची जमीन वापरायचा हक्कही खालच्या मालकाला असतो. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 आडवं येतं. सनदेत, म्हणजे सरकारनं जमीन देताना दिलेल्या कागदात, स्पष्टपणे वेगळं काही लिहिलेलं नसेल तर खनिज सरकारचं, मग ते जमिनीवर असो की पोटात. आपल्या खरेदीखतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' असं झोकात लिहिलेलं असतं. ते वाचून आमच्या वडिलांनाही वाटायचं की पाषाण आपला. पण विकणाऱ्याकडेच जे नव्हतं ते तुमच्याकडे येणार कुठून?

काही जण सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल मोबाईलवर दाखवतील. केरळातल्या मलबारमधल्या जमिनींच्या पोटातलं खनिज जमीनमालकाचंच, असं त्यात म्हटलंय खरं. पण त्या जमिनींचा इतिहास वेगळा आहे, आणि मालकी सिद्ध झाली तरी खोदायला परवाना लागतोच.

मग तुमच्या हातात काय राहतं? वरची जमीन. दगड, मुरूम, जांभा ही गौण खनिजं. खाजगी जमिनीत त्यांचा खाणपट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी खणायचा सरकारी हक्क, घ्यायचा तर मालकाची संमती लागते. म्हणजे तुम्ही देणार ती संमती आणि घेणार ते जमिनीचं भाडं. रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन, सरकारजमा होतं. 2021 मध्ये ते ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटाला, 600 रुपये झालं. खाली बॉक्साइट निघालं असतं तर हा सौदाच नव्हता. ते प्रमुख खनिज, 2015 पासून त्याचे पट्टे लिलावानं जातात आणि जमीनवाल्याला वरच्या जमिनीची भरपाई मिळते.

आता माझं. 2019 मध्ये रस्त्याचं काम घेतलेला एक जण आला, शंभराच्या स्टँपवर सही घेतली आणि आठ दिवस जेसीबी, डंपर लावून मुरूम नेला. 'परवाना आमचा, तुम्ही निवांत राहा.' परवाना नव्हताच. पुढं मंडल अधिकारी आणि तलाठी टेप घेऊन खड्ड्यात उतरले. 40 फूट लांब, 30 रुंद, 10 खोल, म्हणजे 12,000 घनफूट, म्हणजे 120 ब्रास. मी काठावर उभा राहून पंचनाम्यावर सही केली. नोटीस आली ती सातबारावर ज्याचं नाव त्याला. तेव्हाच्या 400 च्या दरानं 48,000 रॉयल्टी, वर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. भरला नाही म्हणून 'इतर हक्कात' बोजा चढला आणि सोसायटीनं पीककर्ज अडवलं. प्रांतांकडे अपील केलं तेव्हा दंड कमी झाला, सुटला नाही. शंभराच्या स्टँपचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, 'खनिज हक्क हस्तांतर' असा मथळा असलेल्या कागदावर सहीच करू नका. जमीन भाड्यानं द्यायचा करार करा, आणि मुदत वर्षापेक्षा जास्त असेल तर तो नोंदणीकृत हवा. वडिलोपार्जित म्हणता, म्हणजे भाऊबंद आले, बहिणीही आल्या; 2005 नंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, सगळ्यांच्या सह्या घ्या. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांची संमती. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी, असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सरकारी मोजणी करून चारी कोपऱ्यांना दगड रोवा, नाहीतर खण शेजाऱ्याच्या बांधाखाली सरकते आणि भांडण तुमच्या दारात येतं. दगडाच्या खाणीला पर्यावरण मंजुरीही लागते. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही ती सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच बंधनकारक केली. पन्हाळ्याच्या डोंगराकडं जमीन असेल तर गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे का, हे आधी बघा. असेल तर तिथं खाणीला बंदी आहे, बाकीचं वाचायचीही गरज नाही.

पुढं जमीन विकलीत तरी खाणपट्टा आपोआप नव्या मालकाचा होत नाही. पट्टा ज्याच्या नावावर आहे त्यालाही तो परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही.

खड्डा कोण बुजवणार, हेही लिहून घ्या. कोल्हापूरच्या इराणी खणीत आपण गणपती सोडतो म्हणून ती खण आपल्याला गोड वाटते, पण स्वतःच्या रानातली खण पावसाळ्यात तुडुंब भरते आणि तिच्या काठावर पोरांना राखत बसावं लागतं.

मागच्या वर्षी माझ्याकडे आणखी एक कंत्राटदार आला होता. मी म्हटलं, दोनच ओळी घाला: परवाना तुमच्या नावावर, आणि दर गाडीच्या 'महाखनिज' या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरच्या वाहतूक पासची प्रत त्याच संध्याकाळी मला. 'लिहून आणतो' म्हणून गेला, अजून फोन नाही.