वाचकांचे प्रश्न : माउंट केनियाचं विवर कुठे गेलं?

प्रश्न : माउंट केनिया ज्वालामुखी आहे, तर माथ्यावर विवर का दिसत नाही? आणि विषुववृत्ताजवळ बर्फ कसं?

उत्तर : विवर होतं, ते झिजून गेलं. हा ज्वालामुखी लाखो वर्षांपूर्वी विझला. नंतर हिमनद्यांनी त्याचा माथा खरवडून काढला आणि लाव्हा वर येण्याच्या नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा उरला. बातियान (५१९९ मीटर) आणि नेलियन ही शिखरं म्हणजे तोच खडक, म्हणून तिथे दोर लावून कातळारोहण करावं लागतं. लेनाना शिखरावर (४९८५ मीटर) मात्र चालत जाता येतं.

बर्फाचं कारण उंची. दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशांनी उतरतं. तेही बर्फ आता झपाट्याने आटतंय.

खरी गंमत ४००० मीटरच्या आसपासची. तिथे ऋतू फारसे बदलत नाहीत, पण रात्री पाणी गोठतं आणि दुपारी ऊन भाजतं. महाकाय सेनेसिओ (झाडासारखी उंच वाढणारी वनस्पती) वाळलेली पानं गाळत नाही, खोडाभोवती पांघरतो. नाहीतर खोडातलं पाणी गोठेल आणि सकाळच्या उन्हात पानं तहानलेली राहतील. लोबेलिया ही तिथलीच दुसरी वनस्पती रात्री पानं मिटून मधला कोंब जपते.