मावसभावावर पोक्सो लागलाय, साताऱ्यात वकील कसा बघायचा?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २१ चा, मुलगी १७ ची, दोघं घरातनं निघून गेले, पुण्यात सापडले, आता तो पोक्सोखाली, म्हणजे १८ च्या खालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, आत आहे आणि गावातले जाणते म्हणतायत चार माणसं घेऊन मुलीच्या वडिलांकडं जा आणि मिटवून टाका. मी साताऱ्यात क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करतो, बहुतेक वेळा आरोपीकडनंच उभा असतो. वकिलाचं सांगतो, पण आधी ते चार माणसांचं कॅन्सल करा, आजच.

कारण हे भांडण दोन घरांचं राहिलेलंच नाही, केस सरकार विरुद्ध तुमचा भाऊ अशी आहे. मुलीच्या वडिलांनी स्टॅम्पपेपरवर आमची काही तक्रार नाही असं लिहून दिलं तरी ती बंद होत नाही. राजस्थानच्या एका केसमध्ये हायकोर्टाने असाच समझोता झाला म्हणून एफआयआर रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो परत जिवंत केला. आपल्याकडं काय होतं, पाव्हणे जातात, चहा होतो, मग कुणाचातरी आवाज चढतो, कुणीतरी मोबाइलवर शूट करतं, आणि जामिनाच्या सुनावणीला सरकारी वकील तेच वाचून दाखवतात की आरोपीचे लोक पीडितेवर दबाव टाकतायत. झालं, जामीन गेला, वर धमकीचा दुसरा गुन्हा. घरातल्या पोरांना पण सांगून ठेवा, मुलीचं नाव, फोटो, शाळा काहीही स्टेटसला टाकायचं नाही, ग्रुपवर पण नाही, ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता तुमचा मुद्दा की ती स्वतःच्या मर्जीने आली. असेल. पण १८ च्या खाली मर्जीला कायद्यात किंमत नाही, पोक्सो २०१२ चा तसाच लिहिलेला आहे. कलम ४ लागलं असेल तर कमीत कमी १० वर्षं, आणि संबंध एकापेक्षा जास्त वेळा आले असा आरोप असेल तर कलम ६, तिथं सुरुवातच २० वर्षांपासून. मग चॅट, फोटो, तिने पाठवलेले व्हॉइस मेसेज यांचा काय उपयोग? जामिनाला होतो. जबरदस्ती नव्हती, वयात फार अंतर नाही, प्रेमसंबंध होते हे दिसलं तर मुंबई हायकोर्टाने अशा बऱ्याच पोरांना जामीन दिलेत. म्हणून त्यातलं काही डिलीट करू नका, 'वाईट दिसतंय' म्हणून पण नाही, पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हीच अडकाल. फोन घरी असेल तर तसाच ठेवा आणि वकिलाला सांगा.

आणि ती पोरगी खोटं बोलतेय असं धरून चालू नका. तिचा मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब तुम्ही वाचलेला नाही, तो चार्जशीटबरोबर हातात येतो. काही केसेसमध्ये मुलगी सरळ सांगते मी माझ्या पायाने गेले. काहींमध्ये वेगळंच निघतं, जे तुमच्या भावाने घरी सांगितलेलं नसतं.

खरी केस बऱ्याचदा वयावर असते. आपल्या भागात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली किती माणसं आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्याच घरात दोन निघतील. कायदा काय म्हणतो तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायत नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी, जिच्यात साधारण दोन वर्षं इकडंतिकडं होऊ शकतात. नुसता शाळा सोडल्याचा दाखला यासाठी पुरेसा नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, आणि पोलीस पुष्कळदा तोच जोडून मोकळे होतात. मुलगी दहावी झालेली असेल तर मात्र हा मुद्दा जवळजवळ संपला, उगाच आशा लावून घेऊ नका. नसेल झालेली तर पहिल्या शाळेचं रजिस्टर आणि जन्मनोंद वकिलामार्फत, कोर्टामार्फत मागवायची. ग्रामपंचायतीत कुणाला तरी धरून दाखला 'करून' आणायचा नाही! असले दाखले उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत फाटतात.

जामीन आधी इथल्या स्पेशल पोक्सो कोर्टात मागायचा, नाही मिळाला तर हायकोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचंच सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा सांगली त्याच्यात येतं, त्यामुळं मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. कलम ४ किंवा ६ असेल तर ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही की जामीन हक्काने मिळतो, पण अर्ज चार्जशीट यायच्या आत पडला पाहिजे, ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अटकेची कारणं त्याला लेखी दिली होती का तेही विचारा, दिली नसतील तर वकिलाच्या कामाची गोष्ट आहे.

आता वकील. 'आठ दिवसांत बाहेर काढतो, साहेब आपलेच आहेत' म्हणणारा नको. 'पोरीचं चारित्र्यच काढतो' म्हणणारा तर अजिबात नको, पोक्सोत मुलीला प्रश्न थेट विचारताच येत नाहीत, जजसाहेबांमार्फत जातात, आणि चारित्र्यावर घसरलं की कोर्टच थांबवतं, वर कोर्टाचं मत तुमच्याविरुद्ध जातं ते वेगळंच. विचारायचं हे की तुम्ही सेशन्सच्या ट्रायल शेवटपर्यंत चालवल्यात का, की फक्त जामिनाचं काम करता. कलम २९ चं काय करणार तेही विचारा. या कायद्यात आरोपीने गुन्हा केला असंच गृहीत धरतात, पण त्याआधी वय आणि घटना या पायाभूत गोष्टी सरकार पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात, चांगला वकील सगळं काम तिथं करतो. त्याला कागद, तारखा, मेडिकल रिपोर्ट यात रस दिसला पाहिजे.

असल्या केसेस कुणी घेत नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, ते सोडून द्या. अमक्या आरोपीचं वकीलपत्र घेणार नाही असा बारचा, म्हणजे वकिलांच्या संघटनेचा ठरावसुद्धा बेकायदा असतो, २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आणि पैसे नसतील तर लाजू नका, जो कोठडीत आहे त्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं साधा अर्ज करायचा.

खाजगी वकील केला तर जामीन, ट्रायल आणि कोल्हापूर यांची फी वेगवेगळी ठरवून घ्या आणि पावती मागा. जेलला भेटायला जाल तेव्हा भावाला सांगा की केसबद्दल आतल्या कुणाशी बोलायचं नाही, जेलच्या फोनवरनं पण नाही, जे काय सांगायचं ते वकिलाला, आणि ते मात्र सगळं.