विचारा बिनधास्त : लहान गाडी, मोठा ट्रॅक

प्रश्न : दादा, माझ्याकडे २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, आधी बाबा वापरायचे, आता माझ्याच ताब्यात आहे. चेन्नईला ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) जायचं डोक्यात बसलंय. मित्र म्हणतात आधी एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) आणि गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाक, नाहीतर तिकडे हसतील तुला. बजेट साधारण चाळीस हजार. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : मित्रांना एक कटिंग पाज आणि गप्प बसव. ट्रॅक डेला कोणी नंबर काढत नाही, ट्रॉफी नसते, ठरलेल्या सेशनला बाहेर पडायचं, पंधरा-वीस मिनिटं चालवायचं आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, परत यायचं. आणि लहान गाडीची लाज कसली वाटून घेतोस, कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन लावून सिंगल सीटर (एकाच सीटच्या रेस गाड्या) बनवल्या, त्याच फॉर्म्युला मारुतीत पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयनसुद्धा रेसिंग शिकला. ट्रॅकवर कमी पॉवरचा एक फायदा असतो, चूक हळू होते आणि ती कळायला वेळ मिळतो. दोनशे बीएचपीवाला स्ट्रेटला पाय दाबून वेळ भरून काढतो आणि वळणात काय चुकलं ते त्याला दिवसभर कळत नाही.

तर चाळीसातले पहिले पैसे ब्रेकला. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं आठवतंय का? बहुतेकांना नाही आठवत. हे ऑइल हवेतला ओलावा खेचत राहतं आणि तसतसा त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना स्टँडर्डप्रमाणे किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. शहरात फरक पडत नाही. ट्रॅकवर दर वळणाला जोरात ब्रेक, परत फुल थ्रॉटल, परत ब्रेक, असं चार-पाच लॅप झालं की कॅलिपरमधलं (पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पाय ठेवलास की पेडल मऊ लागतं, खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. पॅड तापले तर उलटं, पेडल दगडासारखं कडक पण ब्रेक लागत नाही. हे दोन्ही पायाला ओळखता आले पाहिजेत. यातलं काहीही जाणवलं की हिरो व्हायचं नाही, वेग कमी कर, हात दाखव आणि पिटमध्ये ये. म्हणून जायच्या आधी ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरून नीट ब्लीडिंग करून, म्हणजे पाईपमधली हवा काढून घे (डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाडीत चालत नाही) आणि पुढचे पॅड अर्ध्याच्या खाली आले असतील तर नवे टाक. पण आदल्या दिवशी टाकून थेट ट्रॅकवर नको जाऊस, आधी रस्त्यावर बसू देत.

सेशनचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता आरामात मारायचा, सगळं थंड होऊ द्यायचं. आणि पार्क केल्यावर सवयीने हँडब्रेक ओढायचा नाही, मागचे ड्रम तापलेले असतात, लायनर चिकटतो. पहिला गिअर टाक, चाकाला दगडाची ओट लाव.

टायर आहेत तेच चालतील, फक्त फार जुने किंवा साईडवॉलला फुगलेले नकोत. हवा सकाळी थंड असताना मोजून ठेव, सेशननंतर परत मोज, चार-सहा पीएसआय आरामात वाढलेली दिसेल, तेवढी काढून टाकायची, आणि परतीच्या प्रवासाआधी आठवणीने परत भरायची. इंजिन ऑइल मॅक्सच्या खुणेपर्यंत ठेव, लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं. व्हील नट टॉर्क रेंचने तपास, पहिल्या सेशननंतर परत एकदा. गाडीतून मॅट, स्टेपनी, जॅक, छत्री, देवाची मूर्ती डॅशबोर्डवर नुसती ठेवली असेल तर तीसुद्धा, सगळं बाहेर. पाण्याची बाटली तर नक्कीच, ती घरंगळत ब्रेक पेडलखाली जाऊन बसते.

हेल्मेट फुल फेस, घट्ट बसणारं. साधं आयएसआयवालं चालेल की नाही हे आयोजकाला आधीच विचार, काही जण कारसाठीचं एसए रेटिंग मागतात, त्याचं अस्तर आगीला टिकणारं असतं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळाचे. जाड रनिंग शूजमध्ये पेडल कळतच नाही.

आता चालवणं. मद्रास इंटरनॅशनल सर्किट इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटर, १२ वळणं. मेन स्ट्रेट संपली की सी-१, म्हणजे पहिलं वळण, वेगातलं आणि उजवं, आणि नवखे इथेच घाबरून वळणाच्या मधोमध पाय उचलतात. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये असा झटकन पाय उचलला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि शेपूट बाहेर यायला लागते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, लवकर, स्टिअरिंग वळवायच्या आधी संपव. मग वळण, मग हळूहळू थ्रॉटल. गाडी नाकाने बाहेर जात असेल तर स्टिअरिंग अजून पिळून उपयोग नाही, थोडा वेग कमी होऊ दे, पकड आपोआप परत येते. नजर पुढच्या वळणावर, बॉनेटवर नको. शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर एक्झॉस्टचे पैसे त्याला दे, डोळे झाकून. मागून मोठी गाडी आली तर लाईन (वळण घ्यायचा तुझा मार्ग) सोडून गोंधळ घालू नको, आपल्या लाईनवर राहा, ब्रीफिंगमध्ये सांगितलेल्या बाजूने आणि सांगितलेल्या जागी इशारा देऊन जाऊ दे. ब्रीफिंगला उशीर करू नकोस, झेंडे तिथेच समजावतात, पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं.

आणि परत याच गाडीने अकराशे-बाराशे किलोमीटर यायचंय. तुझ्या चिंचवडवरून जाणारा एनएच ४८ सरळ ट्रॅकच्या दारावरून जातो, ही सोय आहे, पण परतीसाठी पॅडमध्ये जीव शिल्लक ठेव.

प्रश्न : माझा मुलगा आय-१० घेऊन असल्या ठिकाणी जायचं म्हणतोय. म्हणतो इन्शुरन्स आहेच. तुमच्यासारखे लोक पोरांना फूस लावतात असं माझं स्पष्ट मत आहे. – एक आई, नाशिक

उत्तर : काकू, राग मान्य. आणि इन्शुरन्सबाबत तुमचा मुलगा चुकतोय. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरता येणार नाही याची यादी असते, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही असा वाद घालता येईल पण क्लेमच्या टेबलावर तो वाद कोण जिंकणार ते तुम्हाला मला माहीत आहे. वर आयोजक स्वतःची जबाबदारी नाकारणाऱ्या फॉर्मवर सही घेतात. म्हणजे गाडी ठोकली तर खर्च घरचा, असं धरूनच जायचं. त्याला पॉलिसी तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा.

बाकी फूस म्हणाल तर, वेगाची हौस असलेला मुलगा कसारा घाटात रात्री मित्रांबरोबर लावालावी करण्यापेक्षा जिथे समोरून ट्रक येत नाही, अँब्युलन्स उभी असते आणि मार्शल झेंडा घेऊन असतो तिथे गेलेला मला तरी बरा वाटतो. रस्त्यावरची रेस मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

प्रश्न : भाऊ चेन्नई परवडत नाही. घरची अल्टो आहे, ती पण भावाबरोबर वाटून. काहीच करता येणार नाही का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अरे तुझ्या तर दारात आहे की! कोल्हापूरचा मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक. कार्टला सस्पेन्शन नाही, गिअर नाही, लाईन चुकली की लगेच पाठीला कळतं. दोन-चार वेळा नुसतं कार्टिंग कर. अल्टो भावाला राहू दे, भांडण टळेल.

प्रश्न : मी फ्रँकफर्टला असतो, जुनी फिएस्टा घेतलीय. इथल्या नुर्बुर्गरिंग रेस ट्रॅकला पहिलाच ट्रॅक डे करू का?

उत्तर : तुम्ही म्हणताय ते बहुतेक टुरिस्ट ड्राइव्ह, तो ट्रॅक डे नव्हे. त्या वेळी २०.८ किलोमीटरची नॉर्डश्लायफे (रिंगचा जुना, लांब ट्रॅक) कायद्याने एकेरी टोल रोड असते, वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच, टाइमिंग घ्यायला बंदी. बाजूला पळायला जागा जवळजवळ नाही, गार्डरेल वाकवलंत तर बिल तुम्हालाच येतं. भाड्याच्या गाडीचा विचार असेल तर करार वाचा, बहुतेकांत थेट मनाई असते. आधी एखाद्या छोट्या, रन-ऑफ (घसरलं तर बाजूला मोकळी जागा) असलेल्या सर्किटवर इन्स्ट्रक्टरबरोबर एक दिवस घालवा. रिंगला जायचंच असेल तर पहिले लॅप उजवीकडे राहून आरशात बघत.

प्रश्न : ऑटोमॅटिक चालेल का?

उत्तर : चालेल. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर सेशन छोटी ठेवा, ती लवकर तापते. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर मशीन बदलतं) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका, नाहीतर वळणाच्या मधेच गिअर बदलत बसेल.